बसायची अट

हाळगुंडीच्या शाळेत नीलगंगाला बसवायचं तर तिच्या आईनंही शाळेत बसायचं, अशी अट होती. ती कुठं लिहिलेली नव्हती. पहिलीत नाव घालताना हेडमास्तर राजशेखर सर तोंडानं बोलले होते आणि अंजूनं मान हलवली होती. पोरगी आता पाचवीत गेली. अंजू अजून पडवीतच होती.

पोरीचे पाय जन्मापासून आखडलेले. उभं करायला गेलं की कात्रीसारखे एकमेकांवर चढायचे. उजवा हात मुठीत वळलेला, डावा जरा बरा. बोलता यायचं, पण शब्द आतून ओढून काढावा तसा, वेळ लावून. उदगीरच्या डॉक्टरनं सांगितलं होतं, मेंदूचा निरोप नसांना नीट पोचत नाही, बाकी पोरगी हुशार आहे. गावाच्या लेखी ती पांगळी. एवढ्या एका शब्दात गावानं तिचं सगळं उरकून टाकलं होतं.

अंजू तिला कडेवर घेऊन यायची. पोरगी अंगानं भरत चालली होती. तिच्या टाचा अंजूच्या गुडघ्यावर आपटायच्या. शाळेला सरकारनं बांधून दिलेला उतार होता, लोखंडी कठड्याचा. वर पत्रा होता, म्हणून त्या उतारावर हेडमास्तरांची मोटारसायकल उभी असायची. शेजारी चाकाच्या खुर्चीचं निळं चित्र काढलेला संडास होता. त्याला कुलूप, आत खिचडीच्या तांदळाची पोती. पोरीला लागली की वर्गावरच्या बाई खिडकीतून हाक मारायच्या, "नीलगंगाची आई." अंजू तिला उचलून शाळेच्या मागं बाभळीच्या आडोशाला न्यायची. त्याच वाटेनं माणसं रानात जायची.

आणि बसलीच आहे तर, असं करत अंजूनं वर्ग झाडले, टाकी भरली, तांदूळ निवडले, झेंड्याच्या दिवशी रांगोळी घातली. रिकाम्या बाईला कोण रिकामं बसू देतंय?

त्या वर्षी भादव्यात पावसानं सोयाबीन उभं भिजवलं आणि त्याच आठवड्यात अंजूच्या नवऱ्याची, सिद्धरामची, कंबर गेली. तो उदगीरच्या मोंढ्यात पोती उचलायचा. पाठीवर पोतं असतानाच मणका सरकला. आता तो कंबरेला पट्टा बांधून वाकळेवर पडून असायचा आणि कूस बदलताना दात खायचा. घरात त्याची आई शिवम्मा, तो, पोरगी आणि अंजू. रोजगाराला जाण्यासारखं अंग एकच उरलं होतं.

उमाबाई दारात आली. काढणीच्या बायकांची टोळी तिची होती; ठरल्या पैशात आख्ख्या रानाचा ठेका घेऊन ती काढणी करून द्यायची.

"अंजे, येतीस का? अमृतरावाच्या रानाचं गुत्तं घेतलंय. शेंगाला कोंब फुटायलेत. पाऊस उघडलाय तवर काढून मागायलाय."

"पोरीची शाळा हाय की."

"शाळेत पोरगी हाय का तू? कितवीत गेलीस?"

शिवम्मा आतून हसली. अंजूलाही हसू आलं, आणि ते तोंडावर असतानाच वाईट वाटलं.

सकाळी ती हेडमास्तरांच्या खोलीपुढं उभी राहिली.

"सर, काढणी होईस्तोवर मी रानात जाते. दुपारी एकदा येऊन हिला नेऊन आणते. मधी लागली तर बाईनं..."

"बाई शिकवायला हायत, अंजूबाई." हेडमास्तर कधी आवाज चढवत नसत. आवाज चढवायची त्यांना गरजच पडत नसे. "अन् पडली झडली तर जबाबदारी कुणाची? असं करा, घरीच राहू द्या तिला. गृहाधारित मनून लावतो. नाव शाळेत, पोरगी घरात. फिरते शिक्षक घरी येऊन शिकवतेत."

"कवा येतेत?"

"येतेत की. तुमचीच सोय बघायलाव मी."

"तिला शाळा आवडती, सर."

"आवडायला काय, मला बी लई गोष्टी आवडतेत."

अंजूनं पोरीला वर्गात भिंतीला टेकून बसवलं, पाठीमागं पोतं सारलं, बाईंना हात जोडले आणि रानाकडं निघाली. बाईंनी खिडकीतून हेडमास्तरांच्या खोलीकडं बघितलं.

अमृतरावचं रान रस्त्याला लागून होतं. वर वाळलेलं, बुडाला चिखल. शेंगेचं टोक सुईसारखं बोटात जायचं. बायकांनी हाताला जुन्या मोज्यांचे तुकडे चढवले होते. अंजू चार वर्षांनी पात, कापायची ओळ, धरत होती. तिचा विळा अडखळत होता आणि मागच्या बाईची पात तिच्या टाचेशी येऊन थांबत होती.

"हल की पुढं, मास्तरीण," कोणीतरी म्हणालं.

ऊन डोक्यावर आलं तेव्हा रस्त्यावरनं गाडा आला. शाळेचे पाण्याचे ड्रम वाहायचा हातगाडा. सातवीची दोन पोरं तो ढकलत होती. दोन ड्रमांच्या मधी नीलगंगा बसली होती. फ्रॉक खालून ओला. डाव्या हातानं ती तो गुडघ्यावर ओढायला बघत होती आणि गाडा खड्ड्यात गेला की हात सुटत होता. मागं मोटारसायकलवर हेडमास्तर, पाय टेकवत, सावकाश.

साऱ्या टोळीनं बघितलं. विळे थांबले.

अंजू पळत बांधावर गेली.

"घरी सोडायलाव," हेडमास्तर म्हणाले. "वर्गातच झाली तिला. तुमी कामात हायत, मनून तुमाला काय तरास दिला न्हाई."

अंजूनं पोरीला उचललं. मुताचा वास आणि उन्हात तापलेल्या पत्र्याचा वास. पोरीनं आईच्या मानेत तोंड खुपसलं. घर येईपर्यंत तिनं ते बाहेर काढलं नाही. अंगावर पाणी घालताना एवढंच म्हणाली, "गाड्यावर... न्हाई... जाणार."

पुढच्या आठवड्यात नीलगंगाचं दिव्यांगाचं प्रमाणपत्र नवं करून घ्यायला अंजू तिला घेऊन उदगीरच्या सरकारी दवाखान्यात गेली. तिथं ओळीत नाझनीन भेटली. लातूरच्या एका संस्थेची बाई, पोलिओनं एक पाय गेलेला, कॅलिपर लावलेली. तीन चाकांच्या स्कूटरवर आख्खा जिल्हा फिरायची. ओळीत उभ्या माणसांची कागदं ती विचारल्याशिवाय हातातून घेऊन बघत होती.

"शाळेत जाती का ही?"

"जायची. आता हेडमास्तर घरी ठेवा मनायलेत. गृहाधारित का काय."

"तू मागितलं का?"

"मी कामून मागू?"

"मग त्यांनी कसं दिलं? घरी शिकणं हा तुझा न तिचा हक्क हाय. तू मागशील तर त्यांनी द्यायचा. तुला त्यात ढकलायचा त्यांना काय हक्क न्हाई. फरक कळला का, ताई?"

"मी बसले न्हाई मनून केलं त्यांनी."

"कुठं बसली नाहीस?"

अंजूनं सांगितलं. नाझनीन आधी हसली. मग तिचं हसू गेलं.

"पहिलीपासून पडवीत?"

"हाव."

"वेडी हायस का तू? मदतनीस शाळेनं द्यायचा. संडास शाळेनं उघडायचा. उतार शाळेनं मोकळा ठेवायचा. दोन हजार सोळाचा कायदा हाय दिव्यांगांचा. आईनं पडवीत बसावं असं त्यात एक अक्षर न्हाई. मी तो कायदा जेवढ्या वेळा बघितला तेवढ्या वेळा नवऱ्याचं तोंड बघितलं न्हाई."

ओळीतली माणसं हसली. नीलगंगाही हसली, सगळ्यांच्या मागून, उशिरा.

"तक्रार करू. मी लिहिते, सही तुझी. पंचायत समितीत द्यायची, पोच घ्यायची. शिक्का मारल्याबिगर उठायचं न्हाई."

"माझ्या मागं कोण हाय?"

"कुणाच्या मागं कोण असतंय? माझ्या मागं स्कूटरचं चाक हाय."

अर्ज गेला. तो साहेबाच्या टेबलावर पोचायच्या आधी गावात पोचला.

अंजू पोरीला घरी ठेवून अजून त्याच्याच रानात काढत होती, तिथं अमृतराव बांधावर छत्री टेकवून उभा राहिला. शाळेच्या समितीचा अध्यक्ष तोच होता.

"अंजू, माझ्या रानात विळा चालवायचा अन् माझ्याच शाळेवर अर्ज?"

"शाळा सरकारची हाय, मालक."

बायकांनी माना आणखी खाली घातल्या. अमृतराव उमाबाईकडं वळला.

"उमाबाई, टोळी तुझी हाय न्हवं? गुत्तं शब्दावर असतंय, ध्यानात ठेव."

तो गेला. मग उमाबाई पात न सोडता म्हणाली, "तुझी पोरगी शिकून कलेक्टर होणार हाय का?"

"न्हाई."

"मग?"

"माझी पोरगी शाळेत मुतणार हाय. बाकीच्या पोरीवानी, दार लावून. एवढंच."

मागची एक बाई फिसकन हसली. उमाबाईनं कापलेली पेंढी बाजूला टाकली.

"उद्या येऊ नको. ह्याचं रान उरकू दे. माझ्या पोटावर पाय नको देऊ."

रोजगार बंद झाला. घरी शिवम्मा चुलीपुढं दिवसभर पुटपुटत राहिली. कवा ना कवा शाळा सुटणारच हाय पोरीची, मग आताच सुटली तर काय बिघडलं, असं तिचं म्हणणं. सिद्धराम भिंतीकडं तोंड करून पडायचा.

चौकशीला साहेब येणार असं कळलं. त्याच्या आदल्या संध्याकाळी हेडमास्तर स्वतः घरी आले. वाकळेच्या कडेला टेकले, चहा घेतला, सिद्धरामच्या कंबरेची चौकशी केली, कुठल्याशा वैद्याचं नाव सांगितलं.

"उद्या या तुमी. काय मनायचं ते मना, माझा राग न्हाई," ते अंजूला म्हणाले. "फक्त पोरीला आणू नका. बाहेरची माणसं येणार, जेवणखाण हाय. चार माणसात तिची शोभा कशाला?"

"न्हाई न्हाई," शिवम्मानंच उत्तर दिलं. "पाव्हण्यापुढं कशाला आणू तिला? एवढं कळतंय आमाला."

त्या घराची रीतच होती ती. पाव्हणे आले की नीलगंगाला आतल्या कोठीत, कणगीच्या मागं बसवायचं. स्वामी पाद्यपूजेला आले तेव्हा ती कोठीत होती. चुलत दिराची सोयरीक जमली तेव्हाही कोठीत, हातात गुळाचा खडा देऊन. अंजूला त्यात कधी वावगं वाटलं नव्हतं. पोरीला माणसांच्या नजरेपासून वाचवायचं ही माया, असंच ती धरून होती. साहेब म्हणजे पाव्हणाच. तिनंही मान हलवली.

शाळा ओळखू येत नव्हती. उतार मोकळा, दोन्ही कडेला चुना. मोटारसायकल लिंबाखाली. संडासाचं दार सताड उघडं, फिनेलचा वास, कोपऱ्यात नवी बादली. पोती कुठं गेली कोण जाणे. साहेब पंचायत समितीचे विस्तार अधिकारी. ते उतारावरनं चढून आले, उतरले आणि वहीत काहीतरी टिपलं. नाझनीन कुबड्यांवर त्यांच्या मागं.

"सगळं ठीक तर दिसतंय," साहेब खुर्चीत बसत म्हणाले. "मुलगी कुठं आहे?"

"गैरहजर हाय, साहेब," हेडमास्तर म्हणाले. "हेच तर आमचं मनणं हाय. पोरगी येत न्हाई. आज चौकशी हाय हे माहीत असून आणली न्हाई. पालकच उदासीन, तर शाळेनं काय करावं?"

अंजूला क्षणभर कळलंच नाही की हे आपल्याविषयी चाललं आहे.

"तुमीच तर मनलाव काल, आणू नका मनून."

"मी?" हेडमास्तरांनी शेजारी बसलेल्या अमृतरावकडं बघितलं. अमृतराव हसला. "मी कामून मनू, अंजूबाई? मला तर पोरी शाळेत पायजेत."

"आता वाद नको," साहेब म्हणाले. "मुलगी नियमित येऊ शकत नाही हे दिसतंच आहे. तिच्या हिताच्या दृष्टीनं गृहाधारित शिक्षण योग्य राहील. आईंनी संमती द्यावी. तोवर आपण जेवण उरकून घेऊ. मला पुढं दोन शाळा आहेत."

ताटं आली. पुरणपोळी, आमटी, भजी. अमृतरावच्या घरची.

नाझनीननं अंजूला दाराशी ओढलं. तिचा आवाज बारीक आणि धारदार झाला होता.

"पोरगी कुठं हाय?"

"घरी. कोठीत. पाव्हणे येणार मनून..."

नाझनीननं डोळे मिटले. उघडले तेव्हा त्यांत राग होता, पण तो अंजूवर नव्हता, किंवा सगळा अंजूवर नव्हता.

"मला माळ्यावर ठेवायचे. मोठ्या आपाच्या मंगनीला मी वरनं बिर्याणीचा वास घेतला. जा. मी ह्याला पोळ्या वाढते."

अंजू पळाली. मागनं नाझनीनचा आवाज येत होता, "साहेब, निवांत होऊ द्या. एवढं तूप कुठल्या शाळेत वाढतेत आजकाल?"

कोठीला बाहेरनं कडी होती. शिवम्मा उंबऱ्यात, कपाळावर ताजं भस्म.

"गेले का पाव्हणे?"

"जेवायलेत."

"मग कामून उघडतीस?"

अंजूनं कडी काढली. आत अंधार आणि जुन्या ज्वारीचा वास. नीलगंगा कणगीला टेकून बसली होती, शाळेच्या कपड्यात. सकाळी तिनं हट्ट करून ते घालून घेतले होते. दार उघडलं तरी तिनं आवाज केला नाही. पाव्हण्यांच्या दिवशी खोकायचंसुद्धा नाही, हे तिला पाठ होतं.

"चल," अंजू म्हणाली. "शाळेत जायचंय."

"पाव्हणे...?"

"पाव्हण्याकडंच जायचंय."

शिवम्मा आडवी आली. "गावातनं नेतीस हिला? तिथं अमृतराव हाय, साहेब हाय. आमच्या घराण्याची..."

"सरा, मामी."

तिला सरकावं लागलं, कारण मागं सिद्धराम उठून उभा राहिला होता. भिंतीला धरून, पट्टा आवळत. पोरीला उचलणं त्याला शक्य नव्हतं. अंजूनं उचललं तशी ती आखडली आणि पाय कात्रीसारखे झाले. सिद्धरामनं मागनं ते दोन्ही पाय हातात धरले, आपटू नयेत म्हणून. तशीच ती तिघं वेशीतल्या वाटेनं निघाली. चिखलात अंजूची चप्पल रुतली, तिनं ती तिथंच सोडली. ओट्यावरची माणसं बोलायची थांबली. सिद्धराम पावलागणिक कण्हत होता, पण पोरीचे पाय त्यानं सोडले नाहीत.

हेडमास्तरांच्या खोलीत साहेबांची दुसरी पोळी चालली होती. अंजूनं पोरीला ताटांपुढं सतरंजीवर बसवलं. तिच्या पायाचा चिखल सतरंजीवर उमटला.

"ही बगा. हजर हाय."

"हो, हो. बघितलं," साहेब म्हणाले. त्यांचा घास हातातच राहिला. काहीतरी विचारायला हवं म्हणून त्यांनी विचारलं, "बाळ, शाळेत काय त्रास होतो तुला?"

नीलगंगाची मान मागं गेली. ओठ हलले. शब्द आला नाही.

"तिला बोलता येत न्हाई, साहेब," हेडमास्तर म्हणाले.

"येतंय," नाझनीन म्हणाली. "थांबावं लागतंय."

सगळे थांबले. साहेबांच्या बोटावरची आमटी वाळू लागली. पोरीच्या गळ्याची शीर ताठ झाली.

"मी... पाणी... पीत... न्हाई."

"का बरं?"

"लागंल... मनून." तिनं हेडमास्तरांकडं बघितलं नाही, बापाकडं बघितलं. "बाभळीखाली... माणसं... बघतेत. सकाळपासून... न्हाई पीत. घरी आलं... की... पिते."

अंजूला हे माहीत नव्हतं. रोज संध्याकाळी पोरगी तांब्याभर पाणी घटाघटा प्यायची आणि अंजू तिला हसायची, उंटासारखी पितीस म्हणून.

साहेबांनी घास ताटात ठेवला. त्यांना पाझर फुटला असं कुणी समजू नये. समोर कॅलिपर लावलेली बाई कायद्याचं पुस्तक मांडीवर घेऊन बसली होती आणि पुण्याच्या दिव्यांग आयुक्तांचा पत्ता तिनं पाकिटावर आधीच घातलेला होता. तो पत्ता साहेबांना उलटासुद्धा वाचता येत होता. त्यांनी हात धुतले आणि लिहिलं. मुलगी शाळेत येईल. पालकाला बसवून घेण्याची अट घालता येणार नाही. सोमवारपासून महिला मदतनीस. ती मिळेपर्यंत वर्गशिक्षिकेनं न्यायचं, जबाबदार मुख्याध्यापक.

"साहेब, बाई तयार होणार न्हाईत ह्या कामाला," हेडमास्तर म्हणाले.

"ते तुम्ही बघा."

जीप गेली. अमृतराव उठला, धोतर झटकलं. "साहेब लिहून गेला. गावात राहायचं आमाला हाय."

हेडमास्तर अंजूजवळ थांबले. आवाज तसाच, मऊ. "ठीक हाय, अंजूबाई. सोमवारी सोडा तिला. मी फोन केला की पळत याल तुमी. आई हायत."

नाझनीन स्कूटरवर बसताना म्हणाली, "आता खरं अवघड हाय, ताई. पडवीत बसू नको. ते बोलवतील, तू जाशील, मग बसशील. बसलीस की आजचा कागद मेला."

"अन् पोरगी ओली राहिली तर?"

नाझनीननं गाडी चालू करता करता हात थांबवला. संडासाच्या उघड्या दाराकडं एकदा बघितलं आणि मग गाडी चालू केली.

सोमवारी सकाळी अंजूनं भाकरी थापली, पोरीला भरवली आणि तांब्या तिच्या तोंडाशी धरला.

"पी."

"लागली... तर?"

"बाईला मन."

"न्हाई... नेलं तर?"

"परत मन. नेईस्तोवर मन. जोरात."

पोरगी तांब्याकडं बघत राहिली. मग प्यायली. सगळा.

शाळेत मदतनीस आलेली नव्हती. संडास उघडा होता. बाईंनी वहीतनं मान वर काढली नाही. अंजूनं पोरीला भिंतीशी बसवलं, आणि पडवीत तिची रोजची जागा होती, खांबाजवळची, तिथनं ती न थांबता गेली. हेडमास्तर दारात उभे होते. "बसा की, अंजूबाई," म्हणाले. ती फाटकातनं बाहेर पडली.

उमाबाईची टोळी आता पलीकडच्या शिवारात होती. अमृतरावचं रान उरकलं होतं. उगवतीला ढग भरत होते, आणि कापलेलं झाकायला ताडपत्री एकच. कुणाला बोलायला सवड नव्हती. अंजूला बघून उमाबाईनं बोटानं शेवटची पात दाखवली.

ऊन चढलं तेव्हा फोन वाजला. अंजूनं तो पदरात बांधला होता. हेडमास्तरांचा नंबर.

तिचा विळा थांबला. फोन वाजत राहिला.

"उचल की," उमाबाई म्हणाली.

"न्हाई."

"पोरीला काय झालं असंल तर?"

अंजूनं एका मुठीत सोयाबीनचं झाड धरलं होतं, ते कापलंही जात नव्हतं आणि सुटतही नव्हतं. शेंगेचं टोक तळव्यात गेलं होतं. फोन बंद झाला आणि लगेच परत वाजला. आता सगळ्याच बायका थांबल्या होत्या.

"पोटची हाय न्हवं तुझ्या?"

"पोटची हाय मनूनच."

उमाबाईनं विळा कंबरेला खोचला, दोन पाती ओलांडून आली, अंजूच्या पदराची गाठ सोडली आणि फोन स्वतःच्या कानाला लावला.

"हॅलो. न्हाई, अंजू न्हाई. मी उमाबाई बोलायलाव." ती ऐकत राहिली. "बरं, मग? लागली असंल तर न्या की. मला कामून इचारायलाव, मास्तर? न्हाई, ती येत न्हाई. पात धरलीय तिनं. आन् सायब लिहून गेलाय मनं तुमाला. मला काय वाचाय येत न्हाई, पर गावाला माहीत हाय."

तिनं फोन बंद केला आणि अंजूच्या हातात दिला.

"पाठीमागं ती होती का?" अंजूनं विचारलं. "आवाज आला का तिचा?"

"आला."

"रडायली होती?"

"न्हाई. वरडायली. बाई, बाई, बाई, मनून. आख्खी शाळा ऐकत असंल."

अंजूनं तळव्यातलं टोक दातानं काढून थुंकलं. पुढची पात तिला धूसर दिसत होती.

"वरडू दे," ती म्हणाली, आणि विळा घातला.